स्कॉर्पिओला एटी टायर घ्यायचे ठरवले आणि पाच महिने गेले

१८ मे २०२५, रविवार, दुपारचे दोन. मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या बाजूला आमचं रान आहे, डांबरी सोडली की वस्तीपर्यंत तीन किलोमीटर पाणंद. त्या पाणंदीवर उन्हाळ्यात मुरूम टाकला होता, मुरूम आपलं म्हणायचं, निम्मे दगडच होते आणि रोलर काही फिरला नाही. मागे आई आणि आत्या बसलेल्या, डिकीत बियाणाची पोती, समोरून ट्रॅक्टर आला म्हणून गाडी जरा कडेला घेतली आणि फस्स. खाली उतरून बघतो तर डाव्या बाजूच्या मागच्या टायरला बाहेरच्या अंगाने चांगली तीन बोटं चीर. आत्या म्हणाली, "पंक्चर काढ की मग, किती वेळ लागतोय त्याला."

स्टेपनी लावून गावातल्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्यानं टायर नुसता उचलून बघितला आणि खाली ठेवला. "दादा, बुडाला असतं तर काढलं असतं, गालाला गेलंय. गालाला पंक्चर नसतंय."

गालाला, म्हणजे टायरच्या बाजूला, पंक्चर काढता येत नाही हे मला माहीत होतंच, कारण २०२३ च्या पावसाळ्यात त्याच रस्त्याला असाच एक टायर गेला होता. तेव्हा एक नवीन आणून भागवलं. आता हिशेब केला तर गाडीला २०२१ चे दोन, २०२३ चा एक आणि गाडीबरोबर आलेली २०१९ ची स्टेपनी असे चार टायर, तीन वयाचे. टायरच्या नक्षीची खोली मोजायची पट्टी ऑनलाइन १२० रुपयांना मागवली, जुन्या दोन टायरांची खोली २.२ आणि २.८ मिलीमीटर भरली. कायद्याची मर्यादा १.६ आहे, टायरच्या खाचेत आडव्या छोट्या उंचवट्याच्या खुणा असतात तिथपर्यंत झिजलं की संपलं, पण १.६ पर्यंत वाट बघायची नसते, पावसात त्याच्या आधीच गाडी घसरायला लागते. म्हणजे चारही बदलायचे हे नक्की झालं. मग डोक्यात किडा आला की बदलतोयच तर एटी, म्हणजे ऑल टेरेन, डांबरी आणि कच्चा दोन्हीला चालणारे टाकू.

इथून पुढे जे झालं ते सविस्तर लिहितोय कारण मी शोधत होतो तेव्हा मला एकतर लडाखवाले सापडत होते नाहीतर "भाऊ एटी टाक, लूक येतो" म्हणणारे. आमच्यासारखा, आठवड्याला पुणे हायवे आणि पंधरा दिवसाला पाणंद, असा माणूस कुणी सापडला नाही.

गाडी २०१९ ची स्कॉर्पिओ एस ११, टू व्हील ड्राइव्ह, टायर २३५/६५ आर १७. राहायला सोलापुरात, धंदा टॉवेलचा, त्यामुळे पुणे, लातूर, कधी हैदराबाद. मुलगी जूनपासून पुण्यात शिकायला गेली त्यामुळे फेऱ्या अजून वाढल्या.

पहिल्यांदा मित्राकडे गेलो, त्याच्याकडे थार आहे आणि तिला त्याने एमटी टाकलेत. म्हणजे मड टेरेन, मोठमोठ्या गुट्ट्या आणि मधे बोट जाईल एवढ्या फटी. त्याला म्हटलं चल तुळजापूरला जाऊन येऊ, ४५ किलोमीटर, आवाज कसा येतो बघू. ऐंशीला गेल्यावर पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं झालं. मी काहीतरी बोललो तर तो म्हणे "काय?" मी परत बोललो. परत "काय?" दर्शन घेऊन येताना आम्ही दोघं गप्प बसूनच आलो. एमटीचा विषय तिथेच मिटला. (मित्राला आवडतात ते, त्याचं त्याला लखलाभ.)

तो मित्र एक गोष्ट मात्र शहाणपणाची बोलला. म्हणाला, "तू आधी एक महिना लिहून ठेव, कुठं किती चालवतोस. तुला वाटतंय तू लई रानात फिरतोस, फिरत नसशील बे." म्हणून १० जून ते ९ जुलै डॅशबोर्डवर वही ठेवली. एकूण २,३१० किलोमीटर. हायवे २,०१०, शहरात २२५ आणि कच्चा रस्ता ७५. म्हणजे सव्वातीन टक्के! आणि त्या ७५ मध्ये पण चिखल म्हणावा असा दोनेक किलोमीटर, बाकी मुरूम आणि खडी. मी तोंडाने "फिफ्टी-फिफ्टी आहे आपलं" असं सांगत होतो सगळ्यांना.

खरं म्हणजे या आकड्यानंतर साधे एचटी, म्हणजे हायवे टेरेन टायर घेऊन मोकळं व्हायला पाहिजे होतं. बायकोचं तेच म्हणणं. पण दोन टायर गालाला फुटले ते याच सव्वातीन टक्क्यात फुटले, हायवेला सहा वर्षांत एक खिळा सोडला तर काही झालं नाही. त्यामुळे मला हवं होतं ते चिखलासाठी नाहीच, मला दगड सोसणारा टायर हवा होता आणि हायवेला त्रास न देणारा. हे कागदावर लिहिल्यावर पुढचं सोपं झालं, कारण एटी एटी म्हणतात त्यातही दोन जाती असतात. काही एटी जवळपास एमटीच्या घरात जाणारे, खांद्यावर पण गुट्ट्या, दिसायला राक्षस. आणि काही सौम्य, मधल्या गुट्ट्या जवळजवळ, त्यात पाण्यासाठी बारीक चिरा, फक्त कडेला जरा उघडी नक्षी. फटी जेवढ्या मोठ्या तेवढा चिखल झटकला जातो, पण डांबरीवर रबर कमी टेकतं आणि त्या फटीतली हवा दाबली जाऊन तो घूं आवाज येतो. रबराचं मिश्रण पण एटीला दगडाने कपचे उडू नयेत असं बनवतात, नक्षीची खोली जास्त असते. हे सगळं फुकट येत नाही, वजन वाढतं, डिझेल जरा जास्त लागतं, ओल्या डांबरीवर ब्रेकला एचटीपेक्षा थोडं जास्त अंतर लागू शकतं. मला सौम्यवाला पाहिजे होता.

जुलैच्या मधे दुकानं फिरायला सुरुवात केली. नावं देत नाही कुणाची.

पहिल्या दुकानात आमच्याकडे न बघताच गाडीकडे बघून पोरगा म्हणाला, "साहेब २४५ टाका, गाडी रस्ता धरून बसंल, लूक पण येतोय." मी घरी येऊन गणित मांडलं, तुम्हाला पण जमेल. २३५/६५ आर १७ म्हणजे रुंदी २३५ मिलीमीटर, गालाची उंची त्याच्या ६५ टक्के, रिम १७ इंच. उंची दोनदा आणि रिम मिळवलं की टायरचा बाहेरचा व्यास ७३७ मिलीमीटर येतो. २४५/६५ चा येतो ७५०. फरक पावणेदोन टक्के, मीटरला १०० दिसेल तेव्हा खरा वेग १०२ च्या जवळ. आभाळ कोसळत नाही एवढ्याने, पण कंपनीने दिलेला नाही असा साइज टाकला की उद्या क्लेमच्या वेळी समोरच्याला बोट ठेवायला जागा होते, आणि मिळणार काय तर लूक. मूळचाच साइज ठेवायचं ठरवलं. त्याच दुकानात एक एलटी टायर पण दाखवला, हलक्या ट्रकच्या जातीचा, १० प्लाय म्हणजे दहा थरांच्या ताकदीचा. गाल दगडासारखा कडक. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू, पण तो वजनाला जड, हवा जास्त मागतो आणि रिकाम्या गाडीत कंबरेचे हाल करतो. आई-आत्या मागे बसणार आहेत, १० प्लाय नको.

दुसऱ्या दुकानात पाहिजे त्या साइजचा एटी निघाला. खूश होऊन हात लावला, मग टायर कधी बनला ते सांगणारा गालावरचा डॉटचा कोड शोधला. शेवटचे चार आकडे बघायचे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. १९२३ लिहिलेलं. म्हणजे २०२३ च्या मे महिन्यातला, दोन वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये सोलापूरच्या उन्हात शिजलेला. दुकानदाराला म्हटलं तर तो म्हणाला, "टायर काय दूध आहे का साहेब नासायला." बोलला झकास, पण टायर मी घेतला नाही. नीट सावलीत ठेवलेला टायर वर्षभर जुना चालतो, दोन वर्षांचा नव्याच्या भावात मी घेणार नाही. एक सांगतो, हा कोड कधी कधी आतल्या बाजूला असतो, म्हणजे गाडीवर बसवल्यावर दिसत नाही. बसवायच्या आधी बघायचा.

तिसऱ्या ठिकाणचे मालक वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं कुठं चालवता. मी वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून वाचली ओ, खरंच वाचली. मग म्हणाले, "तुमचं काम साध्या एचटीत पण होतंय, पण पाणंदीसाठी पायजेच असलं तर हलका एटी घ्या, आणि घ्यायच्या आधी जुन्यावर लिहिलेला लोड बघून घ्या." माझ्या जुन्यावर १०४ एच आहे. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो आणि एच म्हणजे ताशी २१० पर्यंतचा वेग. नव्याचा लोडचा आकडा मूळच्यापेक्षा खाली जाता कामा नये, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ज्याची चौकशी चालली होती तो १०८ एच होता, १०८ म्हणजे १००० किलो. आपल्याला हायवेला कायद्याने १०० च्या वर जायचंच नाहीये त्यामुळे २१० काय करायचे, पण मूळ आहे तेवढं असलेलं बरं.

यादीत माझ्या तेव्हा योकोहामा जिओलँडर, अपोलो ॲप्टेरा, सीएट क्रॉसड्राइव्ह, जेके रेंजर अशी चार नावं होती. परदेशी बनावटीचे काही मला आवडले होते, पण जून २०२० पासून सरकारने कार टायरच्या आयातीला परवाना लागू केला, तेव्हापासून कुठला साइज कधी मिळेल याचा नेम नाही, दोन ठिकाणी "येईल तेव्हा सांगतो" असंच उत्तर आलं. एका टायरवर डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह होतं, बर्फातली परीक्षा पास झाल्याची खूण असते ती. आमच्याकडे बर्फ फक्त उसाच्या रसात.

शेवटी कुठला घेतला त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक दुकानात जाऊन तोच मागतात, आणि त्यांचा साइज वेगळा, रस्ता वेगळा, वही कुणी लिहिलेली नसते.

ऑगस्टच्या सुरुवातीला त्या तिसऱ्या दुकानात भाव ठरला, एक टायर १४,२०० सगळं धरून. त्याच साइजचा एचटी ११,००० ला पडत होता. माल पुण्याहून येणार, अर्धे पैसे ॲडव्हान्स. मी देणारच होतो तेवढ्यात १५ ऑगस्टला भाषणात दिवाळीला जीएसटी कमी होणार असं जाहीर झालं. मालक स्वतःच म्हणाले थांबा. दुसरा कुणी असता तर गुपचूप माल देऊन मोकळा झाला असता. ३ सप्टेंबरला कौन्सिलची बैठक झाली, टायर २८ वरून १८ टक्क्यांवर, २२ सप्टेंबरपासून. १४,२०० मधून २८ काढून १८ लावले की १३,०९० येतात, चार टायरला ४,४४० वाचतात. टक्के १० कमी झाले तरी भाव पावणेआठ टक्केच उतरतो, कारण टॅक्स मूळ किमतीवर असतो, यावर दुकानात बऱ्याच जणांची भांडणं झाली म्हणे.

आता वाचतात म्हणून थांबलो, पण हे थांबणं काही शहाणपणाचं नव्हतं. अख्खा पावसाळा मी २.२ मिलीमीटरवर काढला. झिजलेले दोन पुढे होते ते मागे घेतले (मागचं घसरलं तर गाडी गरकन फिरते, म्हणून खरं तर चांगले टायर मागे पाहिजेत, मी उलटं करून बसलो होतो, मालकांनी रागावून परत बदलून दिले). एकदा इंदापूरच्या अलीकडे पाणी साचलेलं होतं रस्त्यावर, नव्वदला होतो, स्टीअरिंग एक क्षण हातात एकदम हलकं झालं. त्यानंतर सत्तरच्या वर गेलो नाही, पुण्याला पोचायला दर वेळी तासभर जास्त. तुमचे टायर माझ्याएवढे झिजलेले असतील तर साडेचार हजारासाठी थांबू नका.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना. ऑर्डर दिली, २७,००० ॲडव्हान्स, चार-पाच दिवसात माल येतो म्हणाले. आणि त्याच आठवड्यात सीनेला पूर आला. जिल्ह्यातल्या लोकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी लिहितो, काठच्या गावांत घरांत पाणी, पिकं गेली, रानातली माती वाहून गेली, हायवेची वाहतूक पण सीनेच्या पुलापाशी थांबवली होती. आमची वस्ती उंचावर म्हणून वाचली, खालची मोटर आणि पाइप गेले, सोयाबीन गेलं. त्या दिवसात टायरची आठवण पण आली नाही. दसरा झाल्यावर मालकांचाच फोन आला की ट्रान्सपोर्टचा माल सुटलाय.

७ ऑक्टोबरला टायर आले. आता अनुभव होता त्यामुळे आधी चारही टायर आडवे ठेवून कोड बघितले. तीन ३१२५, म्हणजे ऑगस्टच्या आसपासचे, एकदम ताजे. चौथा ०९२४. दीड वर्ष जुना. मालकांना पण माहीत नव्हतं, डिस्ट्रिब्युटरने खपवला. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावून त्याला सोलापुरी भाषेत दोन शब्द सुनावले, ते इथे लिहिता येणार नाहीत. परत चार दिवस.

शेवटी ११ ऑक्टोबर, शनिवार, सकाळी साडेदहाला गाडी लावली, निघालो दीड वाजता. बसवताना मी तिथेच स्टूलवर बसून होतो, तुम्ही पण बसा, चहाला जाऊ नका. व्हॉल्व्ह नवीन टाकायला सांगा, ६० रुपयांची वस्तू आहे, जुनी ठेवून पुढे हवा जात राहिली की चारही परत काढावे लागतात. बॅलन्सिंगला एका रिमला शिशाचे तुकडे फारच लागायला लागले तर टायर रिमवर अर्धा फिरवून परत मोजायला सांगितलं, वजन निम्म्यावर आलं. पोराने नट गनने कर्रर करून आवळले, मालकांनी परत सगळे हाताच्या टॉर्क पान्याने बघितले. शंभर किलोमीटरनंतर परत येऊन नट तपासून जा म्हणाले, फुकट करतात ते. हवा बघितली तर ४० भरलेली. दुकानात रिमला टायर नीट बसावा म्हणून जास्त भरतात आणि मग कमी करायचं विसरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरवर दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर आहे तेवढी केली.

बिल: टायर ५२,३६०, अलाइनमेंट ६००, बॅलन्सिंग ६००, व्हॉल्व्ह २४०. एकूण ५३,८००. तीन जुने टायर ३०० प्रमाणे त्यांनी घेतले, ९०० वजा, ५२,९०० ला पडलं. २०२३ चा एचटी स्टेपनीला ठेवला. पाचवा नवा घ्यायची ऐपत नव्हती असं नाही पण मन झालं नाही. काउंटरवरच्या पोराने कच्चं बिल पुढे केलं होतं, आणि त्यावर भाव १४,२०० च. "माल जुन्या जीएसटीचा आहे ओ." असं नसतं, बिलाच्या तारखेला जो दर तो लागतो, आणि ऑगस्टमध्ये बनलेला टायर असला तरी विक्री आज होतेय. मालक आतून बाहेर आले आणि पक्कं बिल निघालं, १८ टक्के, एचएसएन ४०११, चारही टायरचे सिरीयल नंबर टाकून. नंबर नसले तर वॉरंटीला पुढे वांधे होतात. आणि वॉरंटी कारखान्याच्या दोषाला असते, दगडाने चिरलं तर नाही, हे गृहीत धरून चाला.

पहिले तीनशे किलोमीटर हळू चालवले, नव्या टायरवर साच्यातून काढायचं बुळबुळीत पॉलिश असतं ते जाईपर्यंत पकड कमी असते. स्टीअरिंग जरा आळशी झाल्यासारखं वाटलं, लेन बदलताना गाडी अर्धा क्षण विचार करते. आवाज आहे. पन्नास ते सत्तरच्या मध्ये बारीक घूं येतो, ऐंशीच्या पुढे वाऱ्याच्या आणि इंजिनाच्या आवाजात बुडतो. सिमेंटच्या पट्ट्यावर जास्त. बायको मोहोळपर्यंत काही बोलली नाही, मग म्हणाली, "फ्रीज चालू आहे असं वाटतंय." तुळजापूरच्या गिरणीपेक्षा फ्रीज परवडला. मायलेज टाकी टू टाकी १३.१ होतं ते १२.३ झालं. महिन्याला दोन हजार किलोमीटर धरले तर दहा लिटर जास्त, म्हणजे नऊशे रुपये. जीएसटीत वाचवलेले ४,४४० पाच महिन्यांत डिझेलमध्ये जाणार, हे लिहिताना मलाच हसू येतंय.

एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. पाणंदीवरून हायवेला आलं की टकटकटकटक. मी घाबरलो, वाटलं बेअरिंग गेलं. गाडी बाजूला घेऊन बघितलं तर नक्षीच्या फटीत वाटाण्याएवढे खडे फसलेले, एका टायरात सतरा मोजले. डांबरीवर थोडे उडून जातात (मागच्या गाडीच्या काचेवर, माफ करा), उरलेले काढावे लागतात. आता दरवाज्याच्या खणात चपटा स्क्रूड्रायव्हर असतो, मोहोळला चहा सांगितला की एकीकडे चहा आणि एकीकडे खडे काढणं. टपरीवाला पहिल्यांदा बघून म्हणाला, "टायरचे दात कोरायलाय का ओ?"

आता रान. १९ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, नवीन मोटर घेऊन गेलो. पाणंदीचे तीन किलोमीटर मस्त गेले, खरंच मस्त, जिथे टायर फुटला होता तिथले दगड पुरानंतर अजून वर आलेत, वीसच्या वेगाने अलगद पार. हवा सहा-सात पीएसआय कमी केली होती, त्याने दणके कमी बसतात, पण फार कमी करू नका, गाल फुगून बाहेर येतो आणि दगडाला तोच आधी लागतो, म्हणजे ज्याच्यासाठी केलं तेच उलटं. परत भरायला गाडीत बारा व्होल्टचा पंप ठेवलाय, २,४०० ला.

मग माझ्यात हवा भरली. वस्तीपासून विहिरीपर्यंत दोनशे मीटर काळं रान आहे, मोटर जड, म्हटलं एटी आहेत, गाडीच नेऊ. काका म्हणाले, "वाफसा नाही अजून, नको." म्हणजे पावसानंतर जमीन आतून अजून पुरती सुकलेली नाही. वरून माती वाळून पापुद्रे सुटलेले दिसत होते, मी गाडी घातली. साठ-सत्तर मीटर गेलो असेन. वरचा पापुद्रा फुटला आणि खाली नुसतं लोणी. आरशात बघितलं तर मागचा टायर टायर राहिलाच नव्हता, काळ्या मातीचा गोल गुळगुळीत लाडू, एक खाच दिसत नव्हती. ॲक्सिलरेटर दिला की लाडू जागेवर फिरतोय आणि गाडी खाली बसतेय. काळ्या चिकणमातीत एटीच्या फटी पहिल्या दोन चक्करांत भरतात आणि मग तो नक्षी नसलेल्या टायरसारखाच, त्यात आपली टू व्हील ड्राइव्ह. काकांनी एक शब्द न बोलता ट्रॅक्टर आणला, तेच जास्त लागलं. गाडी बाहेर काढल्यावर फावड्याने चाकांच्या कमानीतली माती काढायला पाऊण तास लागला. मोटर शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतूनच गेली.

तर मुरूम, खडी, ओढ्यातले गोटे, फुटका डांबर, पावसात ओली लाल पाणंद, इथे हे टायर पैसे वसूल आहेत. काळ्या रानात नाहीत. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट कुठेही काळी जमीन असली तर वाफसा येईपर्यंत गाडी डांबरीवर लावून चालत जा.

नोव्हेंबर-डिसेंबर काही विशेष नाही, पुणे-सोलापूर, पुणे-सोलापूर. जानेवारीत पुण्याचे पाहुणे हुरड्याला आले, त्यांची सेडान डांबरीवर ठेवली आणि सगळ्यांना दोन खेपांत स्कॉर्पिओतून आत नेलं. यंदा पेरण्या उशिरा झाल्या त्यामुळे हुरडा आमचा नव्हता, शेजारच्यांकडून आणला, पण चटणी आणि दही घरचं होतं. सोलापूरची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावर टायर पुढचे मागे करून घेतले, ५,२०० किलोमीटर झालेत, ४०० रुपये लागले. नक्षी पट्टीवर मोजली, नवीन असताना ९.८ होती, आता पुढे ९.२ आणि मागे ९.१. चिरा नाहीत. गालावर एक ओरखडा आहे दगडाचा, बोट फिरवलं की लागतो, आत गेलेला नाही.

मागच्या आठवड्यात वस्तीवर गेलो तर पाणंदीच्या कडेने चुन्याच्या खुणा मारलेल्या. पाणंद रस्त्याच्या योजनेत आपला रस्ता बसलाय, मोजणी होऊन गेली, उन्हाळ्यात पक्का होणार म्हणतात. काका बांधावर बसले होते, टायरकडे बघून म्हणाले, "एवढी काय घाई झालती रे तुला?"